खरेदीखताचं इंग्रजी भाषांतर, कोर्टाजवळचं दुकान: चतुःसीमा नीट लिहून देणारं कुणीतरी भेटलं

पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

झालं असं की पुरंदर तालुक्यात आमची वडिलांनी घेतलेली एक एकर दोन गुंठे जमीन आहे, खरेदीखत 1996 चं, सगळं मराठीत. भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला येणं जमत नाही म्हणून माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून पाठवायचं ठरलं, आणि ते इंग्रजीत करायचं तर त्यात मिळकतीचं वर्णन पण इंग्रजीतच हवं, म्हणून आधी खरेदीखताचं भाषांतर. मी काय केलं, घरबसल्या होतं म्हणून एका ऑनलाइन सर्व्हिसला स्कॅन पाठवले, चोवीस तासात फाइल आली, पैसे पण कमी, मी खूश. संध्याकाळी भावाचा फोन, "ताई, आपल्या शेताच्या पश्चिमेला हा शिवा रोड कुठून आला गं?" बघते तर शिवरस्त्याचं त्यांनी शिवा रोड केलेलं. गावाची शिव, तिच्यावरून जाणारा रस्ता, तो देवाच्या नावाचा रस्ता होऊन बसला.

मग मी पेन घेऊन सगळं वाचायला बसले आणि खरं सांगते पोटात गोळाच आला. एक एकर दोन गुंठे याचं केलं होतं वन पॉइंट टू एकर. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे दोन गुंठे म्हणजे पॉइंट झिरो फाइव्ह, पॉइंट टू म्हणजे आठ गुंठे होतात, सहा गुंठे कागदावर आपोआप वाढले. खताच्या शेवटी ते जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असतं ना, त्यातल्या निधीचं फंड आणि निक्षेपाचं बँक डिपॉझिट. ग्रामपंचायत हद्दीत याचं इन द बॉर्डर. आणि चतुःसीमेच्या, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे त्याच्या, प्रत्येक ओळीत बाउंड विथ, बाउंड विथ. हे शेवटचं मला तेव्हा चुकीचं वाटलंच नव्हतं, मीही तसंच लिहिलं असतं.

ओळखीच्या वकिलांनी या दुकानाचं नाव सांगितलं. कोर्टाजवळच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या मागे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला फाइलींचे गठ्ठे. मॅडम साठीच्या असतील, आधी टायपिंग करायच्या, आता भाषांतरच करतात. "बसा ताई," म्हणाल्या आणि आधीचं भाषांतर बाजूला ठेवून मूळ खत मागितलं. पहिलं पान वाचलंच नाही, थेट चतुःसीमेवर गेल्या. पूर्वेस अमुक गटाची जमीन, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस शिवरस्ता, उत्तरेस सामाईक बांध. पेन्सिलने चारही खाली रेघ मारली आणि मला म्हणाल्या, डोळे मिटून सांगा, शेतात मध्ये उभ्या आहात, उजव्या हाताला काय दिसतं? मी सांगितलं, मग डाव्या, मग समोर. त्यांना नकाशा डोक्यात बसवायचा होता. मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीनंतर मिळतो तो नकाशा, घरी आहे का विचारलं, आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी आणायला लावली.

मग त्या बाउंड विथवर आल्या. आणि इथे मला जे कळलं ते मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. बाइंड म्हणजे बांधणे, त्याचं भूतकाळात बाउंड होतं, करारात आपण लिहितो ना बाउंड बाय द टर्म्स, अटींनी बांधील, ते हे. पण सीमा घालणे या अर्थाचं बाउंड हे मुळातच वेगळं क्रियापद आहे, त्याचं रूप होतं बाउंडेड. म्हणजे जमीन पूर्वेला अमुक गटाने सीमित आहे असं लिहायचं तर इज बाउंडेड ऑन द ईस्ट बाय. नुसतं बाउंड लिहिलं तर जमीन बांधून ठेवलीय असा अर्थ निघतो, आणि विथ तर तिथे येतच नाही, बाय येतं. मॅडम म्हणाल्या ही चूक भल्याभल्या टायपिस्टांच्या हातून होते आणि एका खतावरून दुसऱ्यात कॉपी होत जाते, वीस वर्षं तशीच फिरते. मी घरी येऊन डिक्शनरीत बघितलं तर बाउंड चार निघाले! एक बांधणेवालं, एक हे सीमेवालं जे जुन्या फ्रेंचमधून आलंय, एक उडी मारण्याचं (लीप्स अँड बाउंड्स मधलं), आणि एक एक्सप्रेसवेच्या बातम्यांत असतं ते, पुणे-बाउंड लेन, म्हणजे पुण्याकडे निघालेली. चारही वेगवेगळ्या मुळांतून आलेत आणि आता दिसायला सारखे झालेत. मग गोंधळ होणारच ना.

आपल्याकडे हद्द एकच शब्द किती ठिकाणी चालतो बघा, शेताची हद्द, गावाची हद्द, पोलीस स्टेशनची हद्द, शिवाय हद्द झाली म्हणून वैतागायला पण तोच. इंग्रजीत तसं नाही चालत. मॅडमनी मला त्यांच्या वहीचं पान दाखवलं, हाताने लिहिलेलं. शेताची किंवा प्लॉटची असेल तर बाउंड्री. ग्रामपंचायत, नगरपालिका, पोलीस स्टेशन यांच्या हद्दीत असेल तर विदिन द लिमिट्स ऑफ. खडकीच्या बाजूला लष्कराच्या पाट्या असतात तसं प्रवेश नाही म्हणायचं तर आउट ऑफ बाउंड्स, तिथे बाउंड्स नेहमी अनेकवचनी. पेरिमीटर म्हणजे सगळ्या कडांची मिळून लांबी, तार कंपाउंडला किती मीटर लागेल ते, त्याने शेजारी कोण हे कळत नाही. आणि बॉर्डर म्हटल्यावर त्या हसल्याच, "ताई, बॉर्डर महाराष्ट्र-कर्नाटकाला असते, नाहीतर साडीला असते, आपल्या एकराला बॉर्डर कुठली?"

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. खतात पूर्वेला ज्यांचं नाव आहे त्यांनी ती जमीन 2009 ला विकली, आता तिथे दुसरे आहेत. मी म्हटलं आताच्यांचं नाव टाकून द्या की. त्यांनी साफ नकार दिला. भाषांतर म्हणजे कागदावर जे आहे तेच, शेजारी बदलला म्हणून 1996 चं खत बदलत नाही. कुलमुखत्यारपत्राच्या परिशिष्टात वकिलांना आजची स्थिती वेगळी लिहायला सांगा, भाषांतरात नको. नोंदणी कायद्यात, 1908 च्या, कलम 21 मध्ये मिळकतीचं वर्णन ओळख पटेल इतकं पुरेसं हवं असं आहे, जमिनीचं क्षेत्र, तिला लागून असलेले रस्ते आणि मिळकती, सध्या कोणाच्या ताब्यात, आणि शक्य असेल तिथे सरकारी नकाशाचा संदर्भ. लागून याला तिथे अबट हा शब्द आहे. आधीच्या भाषांतरात लागूनचं निअर केलं होतं. निअर म्हणजे जवळ, मध्ये दहा फूट मोकळी जागा असली तरी जवळच, आणि बांधाची भांडणं नेमकी त्या दहा फुटांचीच असतात, आमच्या गावात एका वावराची केस मी लहान असल्यापासून ऐकतेय.

शिवरस्त्याचं त्यांनी व्हिलेज बाउंड्री रोड केलं आणि पुढे स्वल्पविराम देऊन लोकली कॉल्ड शिवरस्ता असंही ठेवलं, म्हणजे उद्या सातबारा किंवा गावनकाशा शेजारी ठेवून वाचणाऱ्याला जुळवता येईल. सामाईक बांधाचं कॉमन बंड. निधी-निक्षेपाचं ट्रेझर आणि हिडन डिपॉझिट्स. वाचताना वडिलांचं खत मला पहिल्यांदा नीट कळलं असं वाटलं, मराठीत असूनसुद्धा आधी कधी लक्ष देऊन वाचलंच नव्हतं.

आता अर्धा स्टार. चार दिवस म्हणाल्या, सहा दिवस लागले, आणि फोन उचलत नाहीत, दोनदा नुसतं झालं का विचारायला गेले. फाइल हवी तर वेगळी मागावी लागते, त्या प्रिंटच देतात, आणि भावाला तर मेलवरच हवं होतं. ओढ्याचं त्यांनी नाला केलं, महसुलाच्या कागदात असंच चालतं म्हणाल्या, मला ते अजून पटलेलं नाही. आमचा ओढा पावसाळ्यात चांगला वाहतो, स्ट्रीम म्हणायला हवं होतं. पण तिथेही त्यांनी पुढे ओढा हा मूळ शब्द ठेवला म्हणून मी जास्त ताणलं नाही. पैसे त्या ऑनलाइनवाल्यांच्या जवळपास अडीचपट, पानाच्या हिशोबाने घेतात, आधी सांगतात, नंतर वाढवत नाहीत.

भावाने रात्री फोनवर चतुःसीमा मोठ्याने वाचली, ऑन ऑर टुवर्ड्स द वेस्ट बाय व्हिलेज बाउंड्री रोड, आणि मध्येच थांबून म्हणाला, तिथेच बैलगाडी लावायचो ना आपण. हो, तिथेच.

जाणार असाल तर मूळ खत दाखवायला न्या पण ठेवायला झेरॉक्सच द्या, सोबत सातबारा आणि मोजणीचा नकाशा न्या, जमिनीच्या चारही बाजूंना आज काय आहे ते घरातल्या मोठ्यांना विचारून जा कारण मॅडम विचारणारच. दुपारी दोन ते चार बंद असतं. आणि परदेशातून येणारं कुलमुखत्यारपत्र असेल तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प करून घ्यावं लागतं, त्यामुळे भाषांतर आधी उरकून ठेवा, कागद आल्यावर धावपळ नको.