गोडो ४ : स्टॉलवर गेम मांडायचा असेल तर

दोघा-तिघांनी मिळून केलेला छोटा टूडी मोबाइल गेम, आणि तो वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमधल्या एखाद्या प्रदर्शनात किंवा ठाण्यातल्या कॉलेजच्या टेकफेस्टला टेबलावर ठेवायचा, एवढाच बेत असेल तर गोडो ४ हे गेम बनवायचं इंजिन बिनधास्त घ्या. टीममध्ये युनिटी हे दुसरं इंजिन कोळून प्यायलेलं कोणी असेल तर गोष्ट वेगळी. गोडो फुकट आहे, लायसन्स एमआयटी, म्हणजे वापरायला खुलं आहे आणि गेम चालला तरी हिस्सा मागायला कोणी येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने ठरावीक मर्यादेपुढे इन्स्टॉलमागे फी जाहीर केली आणि वर्षभराने ती मागे घेतली. तेव्हा बरेच छोटे डेव्हलपर इकडे वळले, ते उगाच नाही.

एडिटर म्हणजे एक झिप. ती उघडली की काम सुरू. खरी डोकेदुखी अँड्रॉइड एक्स्पोर्टची, म्हणजे गेमचं फोनवर चालणारं अ‍ॅप करण्याची. त्यासाठी ओपन जेडीके १७ आणि अँड्रॉइड एसडीके ही अ‍ॅप बनवायची साधनं आणि गोडोचे तयार साचे, म्हणजे एक्स्पोर्ट टेम्प्लेट लागतात. टेम्प्लेटची आवृत्ती एडिटरशी शेवटच्या अंकापर्यंत जुळली पाहिजे, नाहीतर एक्स्पोर्ट पुढे सरकत नाही. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ‘इम्पोर्ट ईटीसी२ एएसटीसी’ (फोनसाठी चित्रं आकसण्याची पद्धत) चालू केलं नसेल तर लाल अक्षरांत तक्रार येते. रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) ‘कम्पॅटिबिलिटी’ ठेवा, स्वस्तातल्या फोनवर तोच कमी त्रास देतो. आणि केबल डेटाची घ्या. ठाणे स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी कितीतरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोन चार्ज होताना दिसतो, पण एडिटरला तो सापडतच नाही, आणि माणूस ड्रायव्हर शोधत बसतो.

एकदा हे जमलं की एक बटण दाबून गेम फोनवर जातो. स्टॉलवर या गोष्टीची किंमत कळते: जेवणाच्या सुट्टीत एखादा आकडा बदलला, तरी दुपारच्या गर्दीला नवा बिल्ड, म्हणजे गेमची ताजी प्रत हातात देता येतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत गोडो ४ मनापासून आवडतं. गोडो ३ मध्ये ‘मित्र’ची वेलांटी म च्या उजवीकडे पडायची आणि त्र चे तुकडे व्हायचे. चौथ्या आवृत्तीत अक्षरं जुळवणारी हार्फबझ लायब्ररी आल्यापासून जोडाक्षरं नीट बसतात. फक्त फॉन्ट स्वतः द्या. एडिटरमध्ये मराठी दिसतं ते तुमच्या कॉम्प्युटरच्या सिस्टिम फॉन्टच्या कृपेने. फोनवर दुसराच फॉन्ट येतो आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेब बिल्डमध्ये नुसते चौकोन. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्ता किंवा बालू २ खुल्या परवान्याचे आहेत, गेमसोबत बिनदिक्कत देता येतात. संवाद एकेक अक्षराने उमटवायचा असेल तर लेबलचं ‘व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेव्हियर’ बदलून ‘कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग’ करा. मूळ सेटिंगमध्ये ‘क्षण’ लिहिताना आधी क, मग पाय मोडका क्, मग क्ष असं काहीतरी लुकलुकत राहतं.

आता तक्रार. गोडोची डीफॉल्ट सेटिंग्ज घरी सोफ्यावर बसून खेळणाऱ्यासाठी आहेत, टेबलासमोरच्या रांगेसाठी नाहीत.

सगळ्यात आधी ‘क्विट ऑन गो बॅक’ (बॅक केलं की गेम बंद) हे सेटिंग बंद करा. जेश्चरवाल्या फोनवर लहान मुलाचा अंगठा कडेवरून आत सरकला की अँड्रॉइड त्याला बॅक समजतं आणि गेम बंद होतो. बघणाऱ्याला वाटतं क्रॅश झाला. होमचं जेश्चर गोडोच्या हातात नाही, त्यासाठी फोनच्या सिक्युरिटी सेटिंगमधलं अ‍ॅप पिनिंग (फोन एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवणं) वापरा, तेही पिन विचारण्याच्या पर्यायासह. सिम काढून ठेवलं तर उत्तमच, नाहीतर ऐन बॉस फाइटमध्ये घरच्या ग्रुपवरचं सुप्रभात डोकावतं.

दुसरं, रिसेट. लोक अर्ध्यात फोन ठेवून निघून जातात आणि पुढच्याला तिसऱ्या लेव्हलचा मधलाच भाग मिळतो. साधारण ४० सेकंदांचा वन-शॉट (एकदाच वाजणारा) टायमर ठेवा, प्रत्येक स्पर्शाला तो पुन्हा सुरू करा, संपला की टायटलच्या सीनवर जा. मेख अशी, की सीन बदलला तरी ऑटोलोडमधले (गेमभर जिवंत राहणाऱ्या स्क्रिप्टमधले) व्हेरिएबल तसेच राहतात. स्कोअर आणि जीव तिथे ठेवले असतील तर ते मूळ आकड्यावर आणणारं फंक्शन वेगळं लिहावं लागतं.

हॉलच्या गोंगाटात आवाज ऐकू येत नाही, म्हणून कंपनावर भिस्त ठेवा. ‘व्हायब्रेट हँडहेल्ड’ या फंक्शनला ४० मिलिसेकंद पुरेत. एक्स्पोर्टच्या सेटिंग्जमध्ये (प्रीसेटमध्ये) व्हायब्रेटची परवानगी टिक केलेली नसेल तर फोन गप्प राहतो, आणि एररही दिसत नाही. उष्मा हा आपल्याकडचा आणखी एक शत्रू. पूर्ण ब्राइटनेस, सतत चार्जर आणि मे महिन्यातला दमट हॉल, मग फोन तापून वेग कमी करतोच. कोड्याच्या गेमला ‘मॅक्स एफपीएस’ (सेकंदाला जास्तीत जास्त फ्रेम) ३० केलं तर कोणाला कळतही नाही.

एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, लोकांच्या फोनवर टाकून देणार असाल तर ३२ बिटचा पर्यायही टिक करा. मूळ प्रीसेटमध्ये फक्त ६४ बिट असतं आणि जुन्या स्वस्त फोनवर इन्स्टॉल होत नाही. फाइल मोठी होते, तेवढं चालवून घ्या. डीबग (चाचणीच्या) आणि रिलीज (वाटायच्या) बिल्डची डिजिटल सही वेगळी असते. एकावर दुसरं बसत नाही, आधीचं काढावं लागतं आणि त्यासोबत सेव्ह केलेले स्कोअरही जातात. म्हणून प्रदर्शनाच्या फोनवर पहिल्या दिवसापासून एकाच प्रकारचा बिल्ड.

उणं काय? जाहिराती आणि अ‍ॅपमधली खरेदी इंजिनात नाही. इतरांच्या प्लगइनवर अवलंबून राहावं लागतं आणि गोडोची आवृत्ती बदलली की ते मागे पडू शकतात. आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरवर जायचं तर मॅक आणि वर्षाला ९९ डॉलर लागतातच, यात गोडोचा दोष नाही. आयफोनवाल्यांना वेब बिल्डचा क्यूआर देता येतो. गोडो ४.३ पासून थ्रेडशिवाय (समांतर कामांशिवाय) वेब एक्स्पोर्ट होतो, त्यामुळे होस्टिंगची कटकट कमी झाली. मात्र सी शार्प या भाषेत लिहिलेला गेम वेबवर जात नाही, आणि भरल्या हॉलमधल्या नेटवर्कवर एवढं डाउनलोड व्हायला वेळ लागतो.

प्ले स्टोअरचा विचार असेल तर एएबी या प्ले स्टोअरच्या फाइलसाठी ग्रेडल (अँड्रॉइडचं बिल्ड साधन) बिल्ड चालू करावा लागतो. पहिला बिल्ड बराच वेळ आणि डेटा खातो, तो घरच्या वायफायवर उरका. नव्या वैयक्तिक खात्याला २५ डॉलर एकदाच, शिवाय गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी १२ टेस्टर सलग १४ दिवस टिकवायचे. हे टेस्टर स्टॉलवरच मिळतात. वहीत जीमेल लिहून घेऊ नका, अक्षर कुठलं आणि आकडा कुठला ते नंतर लागत नाही. गूगल ग्रुपचा क्यूआर छापून टेबलाला चिकटवा, तोच ग्रुप क्लोज्ड टेस्टिंगला (निवडक लोकांपुरत्या चाचणीला) जोडा. बारावर थांबू नका, मधेच गळणारे असतातच.