चौदा कॅसेटी, एक पेनड्राइव्ह आणि गंगावेशीतलं दुकान

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू कातायचं, छोटं वर्कशॉप आहे. मायक्रोमीटर लावल्याशिवाय माल पुढं पाठवायचा नाही ही जुनी सवय, त्यामुळं हा रिव्ह्यू लांबणार. घाई असेल त्यांना आधीच सांगून टाकतो: कॅसेट उतरवून देण्याच्या कामाला पाचपैकी पाच, फाईली बनवून देण्याच्या कामाला दोन. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मला त्यांच्याकडं परत जायचं आहे. गंगावेशीत जुने टेप-रेडिओ दुरुस्त करणारं कोण उरलंय असं कुणालाही विचारा, बोळ दाखवतील.

आधी माल काय होता ते. माझ्या काकांची नजर लहानपणीच गेली. थोरली आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. १९९२ ते ९५ या काळात ती राजारामपुरीतल्या आमच्या जुन्या घरी शाळेतून आल्यावर टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन बसायची आणि काकांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून टेप करायची. अशी तीन पुस्तकं झाली. नव्वद मिनिटांच्या १४ कॅसेटी, म्हणजे २१ तास. आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, टेपरेकॉर्डर तर त्याच्या आधीच गेला. कॅसेटी बिस्किटाच्या डब्यात होत्या.

मालक साठीचे असतील. डबा उघडला, एक कॅसेट उजेडात धरली आणि म्हणाले, "दादा, ह्या फेल्टच्या गाद्या गळून पडल्यात बघा. फीत हेडला नीट टेकायची न्हाई. आधी ह्या बसवू, मग वाजवू." कॅसेटच्या पोटात फितीला हेडवर, म्हणजे टेपच्या फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारी एक इवलीशी गादी असते, हे मला पन्नाशीत कळलं. चौदातल्या पाच कॅसेटींना ती नव्हती. दुसऱ्या रद्दी कॅसेटींच्या काढून त्यांनी चिमट्यानं बसवल्या.

मग त्यांनी जे केलं ते बघून माझ्यातला लेथवाला खूश झाला. डेकचं हेड फितीला बरोबर काटकोनात असावं लागतं. रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचं हेड जरा कललेलं असेल तर वाजवणाऱ्याचंही तेवढंच कलवावं लागतं, नाहीतर वरच्या पट्टीचा आवाज मरतो आणि 'स', 'श', 'च' सगळे तोंडात रुमाल कोंबल्यासारखे येतात. त्यासाठी हेडच्या बाजूला एक स्क्रू असतो. मालक कानाला हेडफोन लावून प्रत्येक कॅसेटला तो स्क्रू केसभर फिरवत होते. कुठला मीटर नाही, काही नाही. आत्याचा 'श' जिथं कुरकुरीत आला तिथं हात थांबला. बाजारात दीड-दोन हजारांत कॅसेट टाकून यूएसबीला जोडायची खेळणी मिळतात, मी एक आणलं होतं. त्यात हा सोपस्कार होत नाही. शिवाय त्यातली मोटर एका चालीनं फिरत नव्हती, आत्या मधेच गाणं म्हटल्यासारखी लांबायची.

दर एका कॅसेटला १२० रुपये, एकूण १,६८०. कुणाला जास्त वाटेल. पण कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ उतरवायला लागतो, त्यात शॉर्टकट नाही. २१ तासांचं काम, वर साफसफाई. माझ्या मते स्वस्तच.

नऊ दिवसांनी पेनड्राइव्ह हातात आला आणि इथून दोन ताऱ्यांची गोष्ट सुरू होते.

एक म्हणजे फाईली एमपी-थ्री, तीनशेवीस केबीपीएस (सेकंदाला किती डेटा लागतो त्याचं माप), स्टिरिओ. "हाय क्वालिटी दिलीया दादा, एकदम टॉप." एका बाईचा एका माइकवर घेतलेला आवाज स्टिरिओ कशाला? डावीकडं-उजवीकडं तेच. त्या हिशेबानं २१ तासांना तीन जीबी लागले. बोलण्याच्या आवाजाला चौसष्ट केबीपीएस मोनो, म्हणजे एकेरी आवाज, पुरतं. तेच २१ तास सहाशे एमबीत बसतात. पाव इंची बोल्टाला एक इंची पाना लावायचा प्रकार.

दुसरं, नावं. 'ट्रॅक १', 'ट्रॅक २' असं करत 'ट्रॅक २८'. काकांचा जो पेनड्राइव्ह लावायचा स्पीकरचा डबा आहे त्यानं १ नंतर १० लावलं, मग ११, आणि १९ संपल्यावर २. अशा यंत्राला आकडा कळत नाही, अक्षर कळतं. १ नं सुरू होणारं सगळं आधी. ०१, ०२ असं लिहिलं असतं तर भागलं असतं. काकांना मात्र वाटलं, आक्कानं वाचताना पानं उलटीपालटी केली.

तिसरं सगळ्यात वाईट. मालकांनी न विचारता आवाज 'क्लीन' करून दिला होता. कॉम्प्युटरला नुसत्या खरखरीचा तुकडा ऐकवायचा, मग तो तशी खरखर सगळीकडून वजा करतो, अशी ती पद्धत. बेतानं केली तर छान. जास्त झाली की आवाजाचा कसही त्याबरोबर जातो आणि बुडबुडे ऐकू येतात. काकांनी दोन मिनिटं ऐकलं. "आक्का पाण्यात बसून बोलल्यागत वाटतंय रं." आणखी थोडं ऐकून विचारलं, "आणि भोंगा कुठं गेला?"

शाहू मिलचा भोंगा. आमच्या घरापर्यंत लांबून यायचा. टेपमध्ये तो वाक्यांच्या मधे कुठंतरी बारीक वाजायचा, आत्या क्षणभर थांबायची आणि पुढं वाचायची. मिल बंद पडली, भोंगा शहरातनं गेला, आणि उरला होता तो या फितींमध्ये. सफाईत तोही कचरा म्हणून झाडला गेला.

तक्रार घेऊन गेलो. इथं मालकांचा मोठेपणा सांगायला हवा: मूळ वेव फाईली त्यांनी पुसल्या नव्हत्या. कुरबूर न करता, जादा पैसे न घेता दिल्या. वेव म्हणजे काही न दाबता-आवळता ठेवलेला आवाज. सीडीच्या दर्जाची वेव तासाला ६३५ एमबी खाते, २१ तासांचे १३ जीबीच्या वर. सोळाच्या पेनड्राइव्हमध्ये जेमतेम मावलं. पण कुणी काही उतरवून घेत असेल तर ही मागाच. एमपी-थ्री करताना कानाला न कळणारा भाग कायमचा फेकला जातो, आणि त्या एमपी-थ्रीवरनं पुन्हा दुसरी फाईल केली की आणखी फेकला जातो. घासलेल्या शाफ्टवरनं माप घेऊन नवा शाफ्ट काढल्यासारखं ते.

घरी दोन प्रकार केले. दोन्हीला फुकटची सॉफ्टवेअरं पुरली.

पुण्यातल्या मुलीसाठी एम-फोर-बी, म्हणजे बोलत्या पुस्तकांचा फाईल-प्रकार. याचा बाऊ करू नका. गाण्यांच्या एम-फोर-ए फाईलीत असतं तेच आत असतं, तोच डबा, तोच माल, शेवटचं अक्षर बदललेलं. 'बी' दिसला की ऐकायचं ॲप समजतं की हे गाणं नाही, पुस्तक आहे. थांबल्या जागी खूण ठेवायची, शफलमध्ये घ्यायचं नाही. शिवाय एकाच फाईलीत प्रकरणांच्या खुणा बसतात. फ्री-एसी नावाच्या प्रोग्रॅममध्ये एका पुस्तकाच्या सगळ्या वेव ओढून टाकल्या, सगळ्यांची मिळून एकच फाईल करायचा पर्याय निवडला, एएसी (एमपी-थ्रीसारखीच आवाज दाबून ठेवायची पद्धत), मोनो, चौसष्ट. प्रत्येक वेवचं आपोआप एक प्रकरण झालं. तीन पुस्तकं, तीन फाईली. मुलगी बसमध्ये ऐकते, फोन बंद केला तरी दुसऱ्या दिवशी तिथंच सुरू. माझ्या लेखी पुस्तकाला यापेक्षा चांगला फॉरमॅट नाही.

फक्त काकांच्या डब्याला तो कळत नाही. पेनड्राइव्ह लावला, डबा गप्प. एमपी-थ्री सोडून त्याला काही ठाऊक नाही. काकांना फोन द्या म्हणाल तर काच गुळगुळीत, बोटाला काही लागत नाही. डब्याला तीन बटणं आहेत आणि ती त्यांच्या अंगठ्याला पाठ आहेत. अंधांसाठी डेझी नावाचा एक खास प्रकार असतो, त्यात प्रकरणानं, पानानं पुढं-मागं जाता येतं, त्याचे वेगळे प्लेअर मिळतात. विचारून बघितलं. "आता नवीन मशीन शिकायचं वय हाय व्हय माझं?" विषय संपला.

डब्याला आठवण आहे, पण अर्धवट. बंद करून चालू केला की तीच फाईल लागते, मात्र सुरुवातीपासून. ४५ मिनिटांची बाजू चाळीस मिनिटं ऐकून डोळा लागला, तर सकाळी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मी ऑडॅसिटी नावाच्या आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये दर दहा मिनिटांवर खुणा टाकून घेतल्या, मग एकेक खूण सरकवून वाक्याच्या शेवटाशी आणली. हे काम हातानंच करावं लागतं, तीन रविवार गेले. वेवचेच तुकडे पाडले, ते मोनो चौसष्ट एमपी-थ्रीत काढले आणि नावं दिली ००१ पासून. साधारण १३० फाईली झाल्या. आता झोप लागली तर फार तर दहा मिनिटं परत ऐकावी लागतात, आणि काकांची त्याला हरकत नाही.

एवढं करूनही पहिल्या दिवशी ०४७ नंतर ०५२ लागली. मी स्वतःवर चिडलो. नंतर ध्यानात आलं, हा डबा नाव बघतच नाही, पेनड्राइव्हवर जी फाईल आधी लिहिली गेली ती आधी वाजवतो. सगळ्या एकदम ओढून टाकल्या होत्या, त्यात क्रम हलला. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून दहा-दहाच्या गठ्ठ्यानं, क्रम बघत टाकल्या, तेव्हा गाडी रुळावर आली. आणि मग मालकांच्या फाईलींत १ नंतर १० का लागलं? कॉम्प्युटरनं त्याच क्रमानं लिहून दिलं असणार. मालकांचा अर्धा तारा मी त्यात उगाच कापला, तो परत. दोनाचे अडीच करा.

मी बसलेलो असताना दुकानात एक पोरगा आला होता. ॲपवर विकत घेतलेलं बोलतं पुस्तक एमपी-थ्री करून द्या म्हणाला. मालकांनी सरळ सांगितलं, "त्येला कुलूप असतंय. त्यांच्याच ॲपात ऐक. आपुन तसलं करत न्हाई." हे मला आवडलं.

कुणी जाणार असाल तर: पेनड्राइव्ह आपला न्यायचा. सोमवारी बंद. 'वेव द्या, आवाज साफ करू नका, नावं ०१ पासून' हे कागदावर लिहून कॅसेटींच्या डब्यातच ठेवा, तोंडी सांगितलेलं चहा येईपर्यंत विसरलेलं असतं. कॅसेटच्या खोक्यावर काही लिहिलं असेल तर त्याचा फोटो आधी काढून ठेवा. आमच्या नवव्या कॅसेटचं खोकं तिथंच राहिलं. त्यावर आत्याच्या अक्षरात तारीख होती. मालक म्हणालेत, शोधून ठेवतो. मंगळवारी जाऊन बघतो.