पांढऱ्या पानावर दिवसभर: झेनबुक एस १३ ओलेड आणि मॅकबुक एअर, अकरा महिन्यांनंतर

लॅपटॉपच्या पडद्याची परीक्षा बहुतेक वेळा सिनेमा लावून घेतली जाते. रात्रीचं दृश्य, काळंभोर आकाश, त्यात लुकलुकणारा एखादा दिवा. माझ्या पडद्यावर यातलं काही नसतं. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत पांढरं पान आणि त्यावर काळी देवनागरी. मुद्रितशोधन करते आणि पुस्तकांची पानंही लावते. त्यामुळे मला विचारायचे प्रश्न वेगळे होते. अनुस्वार सुटला तर दिसतो का? 'दुसऱ्या'तला र नीट कळतो का? संध्याकाळी डोळे किती शिणतात?

गेल्या श्रावणापासून दोन लॅपटॉप रोजच्या वापरात आहेत. एक माझा स्वतःचा, आसुसचा झेनबुक एस १३ ओलेड, २०२३ चं मॉडेल. दुसरा प्रकाशनाकडून कामापुरता मिळालेला मॅकबुक एअर, २०२२ साली आलेला एम२ चिपचा. काही लेखकांच्या श्रीलिपी या देवनागरी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली अजून येतात म्हणून मला विंडोज लागतंच, आणि प्रकाशनातली मांडणी मॅकवर होते. म्हणून दोन्ही. जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकच पान दोन्हींवर वाचायची सवय लागली, आणि हे लिहावंसं वाटलं ते त्यातूनच.

आधी मोजमाप. झेनबुकचा पडदा १३.३ इंची, २८८० × १८०० पिक्सेलचा, म्हणजे इंचाला साधारण २५५ ठिपके. एअरचा १३.६ इंची, २५६० × १६६४, इंचाला २२४. कागदावर झेनबुक पुढे आहे. हातभर अंतरावरून वाचताना मात्र हा फरक मला जाणवत नाही. जाणवतं ते वेगळंच.

विंडोज अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायला क्लिअरटाइप वापरतं. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा अशा तीन उभ्या पट्ट्या ओळीने आहेत, हे ते गृहीत धरतं. ओलेड पडद्यांत (झेनबुकचा तसाच आहे) ही मांडणी बरेचदा तशी नसते. मग अक्षराच्या कडेला रंगाची अगदी पुसट झाक येऊ शकते. रोमन लिपीपेक्षा देवनागरीत हे आधी नजरेला येतं, कारण आपल्या प्रत्येक ओळीवर शिरोरेखेची लांबलचक आडवी कड असते. इतक्या बारीक ठिपक्यांच्या पडद्यावर ते नाक टेकवून पाहिलं तरच दिसतं. तरीही मी क्लिअरटाइपची जुळवणी एकदा नीट करून घेतली, आणि घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावी असं सांगेन. दहा मिनिटांचं काम आहे. मॅकने ही रंगपट्ट्यांची पद्धत २०१८ च्या मोजावे या आवृत्तीपासून सोडूनच दिली. तिथे अक्षरं करड्या छटांनीच गुळगुळीत होतात आणि थोडी ठसठशीत दिसतात. बारीक टायपातला 'ब'च्या पोटातला तिरपा दांडा, 'ष' आणि 'प' यांतला फरक मला एअरवर पटकन कळतो. पण ओळ विरळ, हलकी, छापलेल्या पानाच्या जवळची दिसते ती झेनबुकवर. शेवटचं वाचन मी झेनबुकवरच करते.

पांढरं पान हा ओलेडचा सोपा विषय नाही, हे विकत घेण्याआधी मला कोणी सांगितलं नव्हतं. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळा भाग म्हणजे विझलेला ठिपका, म्हणून काळा इतका खरा दिसतो. पण पान पांढरं असलं की सगळेच ठिपके एकदम पेटलेले, आणि वीज जास्त जाते. एअरच्या आयपीएस पडद्यात मागचा दिवा सारखाच असतो, पान काळं असो की पांढरं. झेनबुकची बॅटरी ६३ वॉट-अवरची, एअरची ५२.६ ची. तरी दिवसभराच्या वाचनाला चार्जरशिवाय निघायचं तर मी एअर उचलते.

मग काळ्या पानावर पांढरी अक्षरं करून पाहिली. वीज वाचते, पण मुद्रितशोधनाला ते चालत नाही. पांढरं अक्षर काळ्यावर पसरल्यासारखं दिसतं, माझ्या चष्म्याच्या नंबराला तर जास्तच. अनुस्वार आणि रफार वाजवीपेक्षा मोठे वाटतात, आणि जोडाक्षरांच्या पोटातली बारीक पोकळी भरून येते. ज्यांचं काम कोड लिहिण्याचं आहे त्यांना हे आवडेल. आठवडाभराने मी पांढऱ्यावर परत आले.

रात्रीच्या कामाचं थोडं सांगायला हवं. ओलेड पडद्यांत बरेचदा उजेड कमी करण्यासाठी ठिपके अतिशय भराभर उघडझाप करतात. डोळ्यांना ती दिसत नाही, पण काहींचं डोकं जड होतं. मायआसुस या ॲपमध्ये लुकलुक टाळून उजेड कमी करायची वेगळी सोय आहे. ती चालू करून विंडोजची ब्राइटनेस वरच ठेवायची आणि उजेड ॲपमधूनच उतरवायचा. मी पहिल्या महिन्यापासून असंच करते. त्याच ॲपमध्ये ओलेडची निगा राखायच्या सोयी आहेत, टास्कबार लपवण्याची आणि चित्र किंचित सरकवत राहण्याची. एकच टूलबार महिनोन्‌महिने एकाच जागी राहिला तर ओलेडवर त्याची सावली उमटू शकते. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅब दाबलं की सगळे पॅनेल नाहीसे होतात. वाचताना ते दाबायची सवय मी हाताला लावून घेतली. अकरा महिन्यांत पडद्यावर कुठलीही खूण नाही.

एअरच्या पडद्यावर कॅमेऱ्यासाठी जी खाच आहे, तिच्याबद्दल लोक फार बोलतात. मी मोजून पाहिलं. वरचे ६४ पिक्सेल ही मेनूची पट्टी, त्यातच खाच. त्याखाली उरतात २५६० × १६००, म्हणजे पूर्ण १६:१०. पानाची जागा खाचेने घेतलेली नाही, तिच्या निमित्ताने मेनू वर सरकलाय. दोन्ही पडद्यांवर पानाला मिळणारी उंची जवळपास सारखीच, १८ सेंटिमीटरच्या आसपास. डेमी आकाराचं पान साडेएकवीस सेंटिमीटरचं, त्यामुळे खऱ्या मापात ते यातल्या कशावरच पूर्ण मावत नाही. तेरा इंची लॅपटॉपवर पुस्तकाचं काम करायचं म्हटलं की ही तडजोड आलीच.

रंगांनी मात्र मला एक धडा दिला, आणि तो मनाला लागला. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मी झेनबुकवर पक्कं केलं. पडद्यावर झेंडूचा केशरी असा काही पेटलेला दिसत होता की चित्रकारही खूश झाले. छापून आलं तेव्हा तो केशरी विटलेला होता. छपाईवाल्यांची काहीच चूक नव्हती. तितका भडक केशरी चार शाईंत येतच नाही, आणि मी पडदा त्याच्या पूर्ण रंगकक्षेत, म्हणजे त्याला दाखवता येतील तितक्या सगळ्या रंगांत, ठेवून बघत बसले होते. मायआसुसमध्ये पडदा एसआरजीबीवर, म्हणजे रंगांच्या नेहमीच्या लहान कक्षेत, आणता येतो. आता मुखपृष्ठाचं काम सुरू करण्याआधी मी तो आणते, आणि शेवटचा निर्णय छापील नमुना हातात घेऊन, दिवसाच्या उजेडात करते. एअरचा पडदाही पी३ या मोठ्या रंगकक्षेचा आहे. शिवाय त्यातलं ट्रू टोन खोलीतल्या उजेडाप्रमाणे पांढऱ्याची छटा बदलतं. वाचताना ते फार सुखाचं, पान ट्यूबलाइटखाली निळसर वाटत नाही. रंगाच्या कामाला ते बंदच हवं.

घराबाहेरचा अनुभव वेगळा. मुंबईला जायचं तर मी डेक्कन क्वीनने जाते, आणि तिथे खिडकीतून येणाऱ्या सकाळच्या उन्हात दोन्ही चकचकीत पडदे आरसा होतात. एअर ५०० निट्सपर्यंत (निट हे उजेडाचं माप) उजळतो, झेनबुक नेहमीच्या कामात ४०० पर्यंत. हा फरक आकड्यात लहान, पण उन्हात ओळ वाचता येते की नाही हे त्यावरच ठरतं. घाटातल्या बोगद्यात गाडी शिरली की उलटं होतं. झेनबुकवरचं पान असं स्वच्छ उठून दिसतं की वाटतं, एवढाच प्रकाश सगळीकडे असावा.

वजनात झेनबुक एक किलो, एअर १.२४. पाव किलोचा फरक ऐकायला काहीच नाही. पण पिशवीत आधीच दोन फर्म्यांची प्रुफं, डबा आणि पाण्याची बाटली असते, आणि दादर स्टेशनचा जिना चढताना खांद्याला तो बरोबर कळतो. जाडीत दोन्ही सारख्याच सडपातळ. एअरला पंखाच नाही, रात्री घर निजलं की त्याची शांतता जाणवते. झेनबुकला पंखा आहे, मोठी पीडीएफ काढताना ऐकू येतो.

झेनबुकच्या झाकणाचं मला फार कौतुक आहे. प्लाझ्मा सिरॅमिकचा थर दिलेलं ॲल्युमिनियम, हाताला धातूसारखं गार-गुळगुळीत लागत नाही, किंचित खरखरीत लागतं. माझ्या रंगाचं नाव बेसॉल्ट ग्रे. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचाच, आणि आजीच्या पाट्यावर हात फिरवल्यासारखंच ते लागतं. तैवानच्या कंपनीने हे नाव काही आपल्यासाठी ठेवलं नसेल, पण मला दर वेळी आजोळच आठवतं. एअरचं अंग गुळगुळीत आणि देखणं, बिजागरी इतकी बेतशीर की एका बोटाने उघडतो.

पण बिजागरीत माझं मत झेनबुकला. तो १८० अंशांत पूर्ण सपाट उघडतो. आमच्या एक ज्येष्ठ लेखिका प्रुफं बघायला घरी येतात. त्यांना खुर्चीत पुढे वाकणं जमत नाही. मी लॅपटॉप टेबलावर सपाट करते, दोघी एका बाजूला बसतो, आणि कागद पुढ्यात असावा तसं त्या पडद्यावर बोट ठेवून वाचतात. 'ही वेलांटी पहिली कर गं,' म्हणतात, आणि बोटाचा ठसा मी नंतर पुसते. शिवाय छापखान्याचा पेनड्राइव्ह झेनबुकला सरळ लागतो, प्रोजेक्टरची वायरही. एअरला दोन टाइप-सी आणि चुंबकाचं चार्जिंग. भाची वायरीत पाय अडकून धडपडली तेव्हा वायर सुटली आणि लॅपटॉप जागच्या जागी राहिला, तेव्हा त्या चुंबकाचं मोल कळलं.

आषाढ लागलाय, दिवाळी अंकाचा पहिला मजकूर कालच आला. पानं लावायला एअरवर सुरुवात केली आहे. शेवटचं वाचन झेनबुकवर होईल, टास्कबार लपवून, पडदा एसआरजीबीवर ठेवून.