सहा हप्ते थांबवले, सतरा वाढले (पाचपैकी अडीच तारे)

सेवा: 2020 सालची गृहकर्जाची हप्ता स्थगिती. बँकेचं नाव लिहीत नाही, शाखा सिंहगड रोडची.

आमच्या दोन स्कूल व्हॅन. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि गाड्या धायरीत सोसायटीच्या भिंतीला लागल्या त्या लागल्याच. बॅटरी उतरू नये म्हणून हे दर रविवारी खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. मुलांच्या हजेरीची वही डॅशबोर्डवर ऊन खाऊन पिवळी पडली.

कमाई शून्य, हप्ता 21,664. रिझर्व्ह बँकेनं 27 मार्चला तीन महिन्यांची मुभा जाहीर केली, मग ती 31 ऑगस्टपर्यंत वाढली. मोबाइलवर मेसेज आला, लिंक दाबली, दोन मिनिटांत काम. इथपर्यंत पैकीच्या पैकी. त्या लिंकनं तेव्हा तारलं, खोटं कशाला बोलू.

सप्टेंबरात शाखेत गेले. काचेपलीकडच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. 22 लाख बाकी होती, साडेआठ टक्क्यांनी ती 22 लाख 95 हजारांवर गेलेली. 180 हप्ते उरले होते त्याचे 197 झालेले. "व्याज चालूच असतं ना मॅडम." असतं, मान्य. पण मेसेजमध्ये तेवढी एक ओळ टाकायला काय जात होतं? हप्ता साधारण 940 रुपयांनी वाढवला तर मुदत 180 वरच राहते, हेही मी खोदून विचारलं म्हणून कळलं. तसा अर्ज दिला, तो 'सही जुळत नाही' म्हणून दोनदा परत. अडीच तारे इथे गेले.

भाऊबीजेला धाकटा भाऊ आला. हिंजवडीत नोकरी, एकही हप्ता चुकवलेला नाही. म्हणाला, "ताई, याला मॉरल हॅझर्ड म्हणतात. वाचवणारा कुणीतरी आहे म्हटलं की लोक न झेपणारं घर घेतात." 2009 मध्ये ओबामा सरकारनं अडलेल्या घरमालकांसाठी 75 अब्ज डॉलरची योजना काढली, तेव्हा रिक सँटेली नावाचा टीव्हीवाला शिकागोच्या बाजारातूनच भडकला होता, शेजाऱ्याचं कर्ज आपण का भरायचं म्हणून, हेही त्यानं ऐकवलं.

मी म्हटलं, "आणि त्याच्या आदल्या वर्षी बँकांना सावरायला 700 अब्ज मंजूर केले, ते? आपल्याकडे याच मार्चमध्ये येस बँक बुडायला आली तर स्टेट बँकेला पुढे केलं. बँकांच्या सवयी नाही बिघडत? मला तर माफीही नाही, पै न् पै व्याजासकट वसूल."

"तिथे ठेवीदारांचे पैसे असतात गं ताई."

हे मला पटलं, म्हणून मी चकल्यांचं ताट पुढे सरकवलं.

पण एक पत्ता माझ्याकडे होता. 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर सरकारनं त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज परत दिलं, आणि तेही हप्ते थांबवणाऱ्यांना आणि वेळेवर भरणाऱ्यांना, दोघांनाही. माझे सोळाशे एकाहत्तर दिवाळीआधीच जमा झाले होते. त्याला म्हटलं, तुझं खातं बघ. त्यानं मोबाइल काढला, बोट खाली-वर फिरवलं, थांबला. माझ्यापेक्षा जास्तच आले होते, कारण त्याचं कर्ज मोठं.

"परत पाठवतोस का?" मी विचारलं.

काही बोलला नाही. ओवाळणीच्या ताटात पाचशेची नोट होती, तिच्यावर आणखी एक ठेवली.