बैठकीला निळा की पिवळा?

इंदूरच्या आमच्या वहिनींचं घर रंगवायला काढलंय. बैठकीला निळा द्यावा की पिवळा, काही केल्या ठरत नाहीये. डब्यांवरचे दावे बाजूला ठेवून मला वाटतं ते सांगते.

उजेडात पिवळा सरस. फिकट पिवळा बराचसा प्रकाश परत फेकतो, गडद निळा गिळतो. निळ्याने डोळ्यांना गारवा वाटतो, पण मे महिन्यात खोलीचं तापमान काही उतरत नाही.

टिकाऊपणाचं सरसकट सांगता येत नाही. हळदीचा रंग उन्हात लवकर विटतो, नीळ जास्त तग धरते. पण पिवडी म्हणजे लोहयुक्त माती, ती वर्षानुवर्षं उडत नाही. भडक लिंबी छटा मात्र उन्हाच्या भिंतीवर टाळाच.

निसर्गात मला निळ्याचं नवल जास्त. बहाव्याच्या पिवळ्यात खरं रंगद्रव्य असतं. नीलकंठाच्या पंखात निळं रंगद्रव्यच नसतं, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि निळाई दिसते!

अर्थाच्या बाजूने पिवळा घरचा: हळदीकुंकू, खंडोबाचा भंडारा, आणि खंडोबा तर होळकरांचं कुलदैवत. निळा कृष्णाचा, पण त्याचंही वस्त्र पीतांबरच. आपल्या दृष्टीत हे रंग परस्परविरोधी असल्याने एकमेकांना उठाव देतात.

खोली अंधारी, पाहुण्यांचा राबता असेल तर पिवडीसारखा पिवळा. भरपूर ऊन येणाऱ्या, वाचन-झोपेच्या खोलीला फिकट निळा. वहिनींची बैठक उत्तरेकडे आहे, तेव्हा भिंती पिवळ्या, पडदे निळे.