बॉयलरच्या पाण्याचा पुनर्वापर: सिरॅमिक मेम्ब्रेन युनिटचे परीक्षण

बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील सोयाबीन तेलाच्या ज्या कारखान्यात मी बॉयलर आणि पाणी विभाग सांभाळतो, तेथे बॉयलरगृहातून वाया जाणारे पाणी परत वापरण्यासाठी सिरॅमिक मेम्ब्रेनचे, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या सिरॅमिक नळ्यांतून पाणी गाळणारे, युनिट बसवले आहे. एक उन्हाळा आणि एक पावसाळा ते चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हे यंत्र उत्तम आहे. मात्र विक्रेते ते ज्या पाण्यासाठी विकतात, त्यापेक्षा वेगळ्याच पाण्यावर त्याचे खरे मोल कळते.

आमच्या विक्रेत्याने ते ब्लोडाऊनसाठी, म्हणजे साठत जाणारे क्षार काढण्यासाठी बॉयलरमधून सोडून द्याव्या लागणाऱ्या पाण्यासाठी, सुचवले होते. ब्लोडाऊनचे पाणी गरम असते, त्याचा पीएच 11 च्या आसपास असतो आणि त्यात फॉस्फेटचा गाळ व लोहाचा गंज तरंगत असतो. मेम्ब्रेनच्या ॲल्युमिना किंवा झिर्कोनिया या सिरॅमिकच्या नळ्यांना या उष्णतेचे आणि अल्कतेचे काहीच वाटत नाही, आणि बाहेर येणारे पाणी काचेसारखे नितळ दिसते. पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) मोजणारे मीटर लावल्यावर आत जाणारा आणि बाहेर येणारा आकडा जवळपास सारखाच राहतो, कारण मेम्ब्रेनची छिद्रे 0.05 ते 0.1 मायक्रॉनची असतात आणि विरघळलेले क्षार व सिलिका त्यांतून सहज निघून जातात. ज्या क्षारांमुळे ब्लोडाऊन सोडावा लागतो, तेच क्षार त्या नितळ पाण्यातून पुन्हा बॉयलरमध्ये जाणार असतील, तर सारा खटाटोप व्यर्थ ठरतो. त्यासाठी पुढे आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस, विरघळलेले क्षारही अडवणारा संच) हवाच, आणि आरओचे साधे मेम्ब्रेन 45 अंशांपुढे चालत नाही. नागपूरच्या मे महिन्यात हवाच त्या तापमानाला पोहोचते, तेव्हा केवळ पंख्याच्या हवेवर चालणाऱ्या कुलरने पाणी तेवढे थंड होणे शक्य नसते. कूलिंग टॉवरचा खर्च आधीच धरून ठेवावा.

कंडेन्सेटची, म्हणजे वापरलेली वाफ थंड होऊन परत आलेल्या पाण्याची, गोष्ट मात्र निराळी आहे. तेलाचा अंश आल्यामुळे आमच्याकडे जे कंडेन्सेट गटारात सोडावे लागत असे, त्यात क्षार मुळातच नगण्य असतात. अडचण असते ती तेलाच्या सूक्ष्म थेंबांची आणि पाइपांतून सुटलेल्या गंजाची. या दोन्ही गोष्टी सिरॅमिक मेम्ब्रेन अडवते, तेही पाणी थंड न करता. फीडच्या, म्हणजे बॉयलरमध्ये भरल्या जाणाऱ्या, पाण्याचे तापमान 6 अंशांनी वाढले की इंधनात साधारण 1 टक्का बचत होते, असा बॉयलरच्या कामातला सर्वमान्य ठोकताळा आहे. 30 अंशांच्या कच्च्या पाण्याऐवजी निम्मा फीड 90 अंशांच्या कंडेन्सेटचा झाला, तर एकूण फीड 60 अंशांवर येतो, म्हणजे इंधनाची बचत सुमारे 5 टक्के होते. शिवाय तेवढे पाणी जडपणा घालवणाऱ्या सॉफ्टनरमधून काढण्याचे काम आणि त्या सॉफ्टनरच्या रिजनरेशनला (तो पुन्हा कामाजोगा करायला) लागणारे मीठही वाचते. या एका कामासाठी मी हे युनिट निःसंकोच सुचवीन.

वर तरंगणारे सुटे तेल मात्र आधीच्या टाकीतच काढून घेतले पाहिजे, नाहीतर नळ्या लवकर चोंदतात. चोंदलेल्या नळ्या कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाने आणि त्यानंतर सायट्रिक आम्लाने धुतल्या की प्रवाह चांगला पूर्ववत होतो. पॉलिमरच्या मेम्ब्रेनवर इतक्या कडक धुलाईचे धाडस मी केले नसते. गरम नळ्यांवर एकदम गार पाणी सोडले तर त्या तडकू शकतात, हे प्रत्येक पाळीच्या बॉयलर अटेंडंटला बजावून ठेवावे. पाणी नळ्यांतून वेगाने फिरवत ठेवावे लागत असल्यामुळे पंपाचे वीजबिलही लक्षात येण्याइतके वाढते.

किंमत पॉलिमरच्या तुलनेत बरीच जास्त आहे, म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी आपल्याच कंडेन्सेटवर चाचणी मागावी आणि नळ्यांच्या टोकांच्या गॅस्केटविषयी लेखी उत्तर घ्यावे. ईपीडीएम रबर तेलात फुगते आणि साधे व्हायटॉन रबर गरम कॉस्टिकमध्ये फार काळ टिकत नाही. तेव्हा तेल आणि कॉस्टिक या दोन्हींत टिकेल असे गॅस्केट कोणते, ते सुटे मिळते का आणि किती दिवसांत नागपुरात पोहोचते, हे ठरल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.