ओल्ड कोर्सवर ३४० पौंड घालवावेत का? सेंट अँड्र्यूजजवळ आठ महिने राहून, तीन राउंड खेळून

मार्च २०२५ मध्ये आम्ही स्कॉटलंडमध्ये डंडीला राहायला आलो आणि पुण्यातल्या गोल्फ खेळणाऱ्या मंडळींचे फोन सुरू झाले. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, गोल्फचं ते जुनं, प्रसिद्ध मैदान, इथून जवळच. सगळ्यांचा प्रश्न एकच : "ओल्ड कोर्सवर खेळलीस का? पैसे वसूल होतात का?" त्या प्रश्नाला मी मे महिन्यात एक उत्तर दिलं होतं, सप्टेंबरात दुसरं दिलं. आता नोव्हेंबरचा राउंडही झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं. २०२५ च्या उन्हाळ्यात ओल्ड कोर्सची ग्रीन फी, म्हणजे एका राउंडचे पैसे, ३४० पौंड होती, चाळीस हजार रुपयांच्या घरात. कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा आणि फटका कुठे मारायचा ते सांगणारा माणूस, घेतला तर त्याचे वेगळे. बाबांना फोनवर हा आकडा सांगितला तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "अगं, एका दिवसाचे?" बाबा लष्करात होते. छावणीच्या मैदानावर गोल्फ शिकले आणि त्याच मैदानावर त्यांनी मला शिकवलं. खेळासाठी एवढे पैसे ही गोष्टच त्यांच्या हिशेबात बसत नव्हती.

पैसे असले तरी वेळ मिळेलच असं नाही. रोज बॅलट, म्हणजे सोडत, निघते. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत किमान दोन जणांची नावं द्यायची आणि संध्याकाळी निकाल पाहायचा. हँडिकॅपचा, म्हणजे आपला खेळ कितपत आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला लागतो. ऑफिसातली एक मैत्रीण आणि मी, आम्ही सलग सहा वेळा नावं दिली आणि सहाही वेळा हात हलवत राहिलो. मध्यंतरी वैतागून एका टूरवाल्याकडे चौकशी केली. खात्रीची वेळ मिळेल म्हणाला, पण सोबत चार रात्रींचं हॉटेल आणि आणखी दोन कोर्स गळ्यात. जी रक्कम सांगितली त्यात आमची दोघांची भारतवारी झाली असती. माझा स्पष्ट सल्ला आहे, तारखा सैल असतील तर त्या वाटेला जाऊ नका. चार-पाच दिवस गावात किंवा जवळपास मुक्काम करा आणि रोज नाव द्या. एकट्यानं आला असाल तर आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवता येतं. पूर्वी त्यासाठी लोक रात्रभर रांगेत बसायचे. २०२४ पासून त्याचीही सोडत निघते, त्यामुळे थंडीत कुडकुडणं वाचलं.

सातव्या वेळी आमचं नाव लागलं. मे महिन्यातला तो पहिला राउंड मला आवडला नाही, हे मी मोकळेपणानं सांगते.

पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की पाठीमागे रॉयल अँड एन्शंट क्लबची ती दगडी इमारत आणि कठड्याला टेकून बघणारे पाच-पन्नास लोक. समोर पहिल्या आणि अठराव्या होलचा मिळून एकच फेअरवे, म्हणजे होलकडे जाणारी कापलेल्या गवताची पट्टी, इतका रुंद की चेंडू चुकवायचा म्हटलं तरी चुकू नये. मधून चक्क गावातला रस्ता जातो. माझा चेंडू हवेत होता तेव्हा एक आजी कुत्रा घेऊन रस्त्याच्या कडेला थांबल्या होत्या. इथवर सगळं छान. पण तिथून पुढे मला काही दिसेचना. झाडं नाहीत, तळी नाहीत, नजरेला टेकायला काही नाही. उंचसखल कुरण, कडेला काटेरी पिवळ्या फुलांची झुडपं, आणि वारा. फेअरवेच्या मधोमध मारलेला चेंडू जाऊन बघावं तर बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात. तो बंकर टीवरून दिसलाच नव्हता. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, वेजनं (उंच फटक्याच्या काठीनं) मऊ उतरवलेला चेंडू टप्पा घेऊन पार पलीकडे निघून जायचा. पावसाळ्यातल्या पुण्यात चेंडू पडतो तिथे रुततो. माझे हात त्याच सवयीचे. एकूण १०८ फटके झाले. परतीच्या ९९ नंबरच्या बसमध्ये मैत्रीण म्हणाली, "नाव मोठं आहे, एवढंच." मीही मान डोलावली, आणि पुण्याला कळवलं की राहू द्या, त्या पैशात दुसरीकडे तीनदा खेळा.

ऑगस्टमध्ये आई-बाबा आले. खेळायचं नाही हे बाबांनी आधीच जाहीर केलेलं. म्हटलं, निदान बघून तरी या. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. काही मोठ्या स्पर्धा सोडल्या तर हा नियम कसोशीनं पाळतात. त्या दिवशी ते मैदान गावाची बाग होतं. बाबागाड्या, कुत्री, डबे घेऊन आलेली कुटुंबं. तिकीट नाही, फाटक नाही, कुणी हटकत नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही जमीन गावाची आहे. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांनी सनद देऊन या लिंक्सवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूच्या कुरणावर, खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. पुढे गाव कर्जात बुडालं तेव्हा जमीन विकली गेली, तिथे ससे पाळणारे आले, आणि १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदारानं ती विकत घेऊन गोल्फ वाचवला. आज एक ट्रस्ट कारभार बघतो, तो १९७४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्यानं स्थापन झाला. गावातले रहिवासी वर्षाचा पास काढून खेळतात, आणि बाहेरच्यांच्या ३४० पौंडांवर बऱ्याच अंशी हा गाडा चालतो. हे कळल्यावर ती रक्कम मला तेवढी टोचेनाशी झाली.

आम्ही अठराव्या ग्रीनपासून उलटं चालायला लागलो. मुद्दाम नाही, बस तिथे सोडते म्हणून. आणि उलटं चालताना जे बंकर मला मे महिन्यात एकदाही दिसले नव्हते ते एकेक करून तोंड उघडून समोर यायला लागले. फार पूर्वी हा कोर्स याच उलट्या दिशेनं खेळत. त्या खेळाडूंना ते बंकर समोर दिसायचे. आपण आता मागच्या बाजूनं येतो, म्हणून आपल्याला नुसती गवताची पाठ दिसते. एकूण ११२ बंकर आहेत. चौदाव्या होलवरच्या 'हेल' बंकरच्या काठावर बाबा उभे राहिले. पुरुष-दीड पुरुष खोल असेल. १९९५ च्या ओपन स्पर्धेत जॅक निकलॉससारख्या दिग्गजाला त्यातून बाहेर पडायला चार फटके लागले होते, आणि त्या होलवर त्याचे दहा झाले. सतराव्याच्या रोड होल बंकरची भिंत मी हात लावून पाहिली. गवताचे चौकोनी तुकडे एकावर एक रचलेले, थेट भाकऱ्यांच्या चवडीसारखे. दोन तुकड्यांच्या फटीतून बारीक वाळू निसटत होती.

पुढे फेअरवेवर बाबांनी छत्रीच्या टोकानं जमीन ठोकली. दोनदा, तीनदा. "ऐकलंस? टणक आहे. खाली वाळू आहे, पाणी थांबत नाही." मग म्हणाले, "बेटा, मे महिन्यातलं आपलं मैदान आठव. तेव्हा तू ग्रीनवर चेंडू उंच टाकायचीस का?"

नव्हते टाकत. पुण्याच्या उन्हाळ्यात छावणीचं मैदान भाजून वीट व्हायचं. तिथे बाबांनी मला सात नंबरच्या आयर्ननं (लोखंडी पात्याच्या काठीनं) चेंडू ग्रीनच्या तीस पावलं अलीकडे टाकून घरंगळवत न्यायला शिकवलं होतं. पुढे चांगल्या, पाणी घातलेल्या कोर्सवर खेळायला लागले आणि तो फटका मी विसरले. सेंट अँड्र्यूजला तोच लागतो. मी मे महिन्यात ३४० पौंड भरून चुकीचा खेळ खेळून आले होते.

त्यानंतर दीड महिना मी शेजारच्या कोर्सवर सराव केला. ट्रस्टचे एकूण सात कोर्स आहेत. त्यातला न्यू कोर्स १८९५ चा, इथलेच नावाजलेले जुने गोल्फपटू ओल्ड टॉम मॉरिस यांनी आखलेला, ओल्डला अगदी खेटून. फी निम्म्याहून कमी. जमीन तीच, वारा तोच. खेळ म्हणून तो ओल्डपेक्षा सरळ आणि स्वच्छ आहे. काय करायचं ते दिसतं. ज्यांना लिंक्स गोल्फ कसा असतो एवढंच अनुभवायचंय त्यांनी न्यू कोर्सवर दोनदा खेळावं, रविवारी ओल्डवर फुकट चालून यावं आणि समाधानानं घरी जावं. यात काही कमीपणा नाही. गोल्फ न खेळणारं कुणी सोबत असेल तर त्यांना 'हिमालयाज' नावाच्या पटिंग ग्रीनवर न्या, तिथे चेंडू पटरनं जमिनीवरून होलात घरंगळवायचा, एवढंच. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं ते मैदान, नावाप्रमाणे चढउतारांचं, आणि फी अगदी किरकोळ. आईनं तिथे बाबांना दोन फटक्यांनी हरवलं आणि परतेपर्यंत तोच विषय होता.

सप्टेंबरात मी एकटीचं नाव दिलं आणि तीन अनोळखी लोकांच्या गटात जागा मिळाली. या वेळी कॅडी घेतला. पहिल्यांदा जाणाऱ्यानं कॅडीचे पैसे वाचवू नयेत. राहण्याजेवणात काटकसर करा, इथे नको. माझा कॅडी साठीचा माणूस, कमी बोलणारा. दुसऱ्या होलनंतर त्यानं माझे फटके बघितले आणि वेज बॅगेत तळाशी सरकवून दिला. त्यानंतर दिवसभर तो मला झेंडा दाखवत नव्हता, जमिनीवरचा एखादा उंचवटा दाखवायचा. "त्याच्या डाव्या खांद्यावर टाका, बाकी तो उंचवटा बघून घेईल." आणि खरंच तसं व्हायचं. चेंडू उंचवट्यावर चढायचा, क्षणभर रेंगाळायचा, वळायचा आणि ग्रीनवर उतरायचा. जे मला मे महिन्यात ओबडधोबड कुरण वाटलं होतं त्यातली प्रत्येक घडी काहीतरी करत होती.

ग्रीन्सबद्दल सांगायलाच हवं. चौदा होल्सना मिळून सात जोडग्रीन्स आहेत, आणि एका ग्रीनवरच्या दोन होल्सच्या आकड्यांची बेरीज नेहमी १८ येते : दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं. जाताना पांढरा झेंडा, येताना लाल. पाचव्या-तेराव्याचं ग्रीन पाऊण एकराहून मोठं आहे. तिथे मी चाळीस पावलांवरून पट केला. असा पट त्याआधी मी आयुष्यात केला नव्हता. घरी पटिंगचा सराव करणार असाल तर दहा फुटांचा सोडा, मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करा.

चौदाव्याला कॅडीनं मला सरळ डावीकडे, पाचव्याच्या फेअरवेवर मारायला लावलं. हेल बंकर उजवीकडे लांब राहिला. सतराव्याला हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून, तिच्यावर रंगवलेल्या अक्षरांपैकी एका अक्षरावर नेम धरून चेंडू मारायचा. पलीकडचं काहीच दिसत नाही. ग्रीन अरुंद, तिरकं. अलीकडे तो बंकर, मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. १९७८ च्या ओपनमध्ये जपानच्या नाकाजिमाचा चेंडू ग्रीनवरून पट करताना या बंकरमध्ये गेला आणि त्याचे नऊ झाले. मी तिसरा फटका ग्रीनच्या उजव्या पुढच्या कोपऱ्याअलीकडे थांबवला आणि तिथून पटर काढला. चढ चढून चेंडू झेंड्यापासून चार फुटांवर आला. बोगी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त. कॅडीनं पहिल्यांदा माझ्याकडे बघून मान हलवली. ती बोगी मी आजवरच्या कुठल्याही बर्डीच्या (एक फटका कमी) बदल्यात देणार नाही.

अठराव्याला स्विल्कन पुलावर सगळे फोटो काढतात, त्यात वेळ जातो, मागचे लोक खोळंबतात. ही तक्रार आहे, पण मीही फोटो काढला. एकूण ९६ झाले. बारा फटके वाचले त्यातले निम्मे कॅडीचे आणि निम्मे छत्रीचे.

नोव्हेंबरचा राउंड थोडक्यात. हिवाळ्यात दर बराच उतरतो आणि नंबर लवकर लागतो, पण फेअरवेवर चेंडू कृत्रिम गवताच्या छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो, म्हणजे गवताला इजा होत नाही. उजेड साडेतीनलाच जायला लागतो. भारतातून खास यासाठी येणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च टाळा. इथे राहत असाल तर मात्र जरूर जा; वारा अंगावर घेत कोर्स शिकायला याहून स्वस्त संधी नाही.

तर पुण्याच्या मंडळींनो, मे महिन्यातलं माझं उत्तर मी मागे घेते. मात्र थेट विमानातून उतरून पहिल्या टीवर उभे राहणार असाल तर पैसे वाया जातील, हेही तितकंच खरं. आधी कडक जमिनीवर चेंडू खाली ठेवून खेळायचा सराव करा. रविवारी पूर्ण कोर्स उलटा चालून या. न्यू कोर्सवर एक राउंड खेळा. मग ओल्डवर जा, कॅडीसोबत. एवढं करायला सवड नसेल तर न्यू कोर्सच खेळा.

बाबांना सप्टेंबरचा राउंड मी होलवार फोनवर सांगितला होता. सतराव्याला पोचले तेव्हा त्यांनी तीनदा विचारलं, "पटरनंच ना? नक्की?" गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. बाबा सकाळी छावणीच्या मैदानावर जातात, सात नंबरचं आयर्न आणि पटर एवढंच घेऊन. क्लबकडे हँडिकॅपचा दाखलाही मागितलाय. मे महिन्यात येतील. बॅलटमध्ये किमान दोन नावं लागतात, ती आता घरातच झाली.